बोलेरोमागे कॅरव्हॅन: इलेक्ट्रिक ब्रेक कंट्रोलरच्या वायरिंगच्या नोंदी (बीड)

गाडी जुनी डिझेल बोलेरो. मागे वाळूज एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन शॉपमधून बनवून घेतलेली एका अ‍ॅक्सलची छोटी कॅरव्हॅन. आत पलंग, संडास, ओटा, छपरावर सोलर, बस. आईला परळी, औंढा नागनाथ आणि माहूर करायचं आहे. गुडघ्यांमुळे लॉजचे जिने आणि भारतीय बैठकीचे संडास तिला जमत नाहीत, म्हणून हा खटाटोप. चालत्या कॅरव्हॅनमध्ये कोणी बसत नाही, आई बोलेरोतच बसते. ट्रेलरचं आरटीओ रजिस्ट्रेशन वेगळं होतं, ते आधीच उरकलं. इथे फक्त ब्रेकच्या करंटचं लिहितो, कारण आपल्या भागात हे काम केलेला माणूस शोधून सापडला नाही आणि पुढच्याला तरी सापडावा.

६ जानेवारी २०२४

जिनिंगच्या काट्यावर वजन केलं. रिकामी ९४० किलो. पाण्याची टाकी भरून, सिलिंडर, गाद्या, भांडीकुंडी चढवून १,१६० किलो. ऑस्ट्रेलियात अशा कॅरव्हॅन सर्रास ओढतात. तिथला नियम असा: चाकांवर ७५० किलोच्या वर भार असेल तर ट्रेलरला ब्रेक हवाच. २,००० किलोपर्यंत निदान एका अ‍ॅक्सलला, त्यापुढे सगळ्या चाकांना, आणि ट्रेलर सुटला तर आपोआप लागणारा ब्रेकही हवा. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ट्रॅक्टरला ढकलत उतारावरून येताना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यामागचं कारण वेगळं सांगायला नको.

अ‍ॅक्सल १० इंची इलेक्ट्रिक ड्रमचा आहे. ड्रमच्या आत एक मॅग्नेट असतो. करंट मिळाला की तो फिरत्या ड्रमच्या आतल्या तोंडाला चिकटतो, ड्रमबरोबर थोडा ओढला जातो आणि त्याच्याशी जोडलेला लिव्हर ब्रेक शू बाहेर ढकलतो. तेल नाही, हवा नाही. ब्रेक किती लागणार ते मॅग्नेटपर्यंत किती व्होल्ट पोचले यावरच ठरतं. ते व्होल्ट सोडतो तो कंट्रोलर, म्हणजे बोलेरोच्या डॅशबोर्डवर बसवायचा छोटा डबा. पुढचं सगळं काम या एका गोष्टीभोवती फिरलं.

९ जानेवारी

दोन्ही मॅग्नेट वायरपासून सुटे करून मल्टिमीटर लावला. डावा ३.२ ओहम, उजवा ३.३. या मापाच्या मॅग्नेटला ३.२ च्या आसपासच हवं. एखादा फारच कमी दाखवत असेल तर आतली गुंडाळी शॉर्ट आहे, काहीच दाखवत नसेल तर तुटली आहे. दोन्ही पॅरलल असतात, म्हणजे १.६ ओहम. १२ व्होल्टला साधारण साडेसात अँपिअर.

मग वायरचा हिशोब. बॅटरीपासून कंट्रोलर, तिथून मागे अ‍ॅक्सलपर्यंत माझ्याकडे ९ मीटर, आणि परतीची अर्थिंग तेवढीच, म्हणून १८ मीटर धरले. १.५ स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरमध्ये साडेसात अँपिअरला दीड व्होल्ट वाटेतच जातो. ६ स्क्वेअरमध्ये ०.४. स्पेअर पार्टच्या दुकानात ऑटो वायर म्हणून जी मिळते ती फार बारीक होती आणि कव्हर जाड, त्यामुळे हातात दणकट वाटते. कापून आतलं तांबं बघितल्याशिवाय घेऊ नका. मी इलेक्ट्रिकच्या दुकानातून ६ स्क्वेअरची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर घेतली, काळी, पांढरी आणि निळी, मीटरला ९५ रुपये.

१३ जानेवारी

कंट्रोलर भाच्याने मेलबर्नहून येताना बॅगेतून आणला. चार वायरी: काळी बॅटरी पॉझिटिव्ह, पांढरी निगेटिव्ह, लाल ब्रेक स्विचकडून, निळी कॅरव्हॅनच्या मॅग्नेटकडे. टेकोन्शा आणि रेडार्क या दोन्ही कंपन्यांच्या कंट्रोलरला हेच चार रंग आहेत, पण आपल्या डब्यातला कागद वाचूनच हात लावा.

काळ्या वायरीवरून उस्तादशी बराच वाद झाला. उस्ताद म्हणजे आमचे ऑटो इलेक्ट्रिशियन, डिझेल गाड्यांच्या वायरिंगमध्ये हयात गेली.

"सर, बॅटरीपर्यंत कशाला जायचं? लायटरच्या सॉकेटमधून घेऊ, पाच मिनिटांचं काम. चावी बंद केली की हे पण बंद."

"उस्ताद, उतारावर चावी बंद झाली, तर ब्रेक पण बंद."

ते क्षणभर थांबले, तरी पूर्ण पटलं नव्हतं. म्हणून हेडलाइटचे जुने बल्ब एकत्र जोडून साधारण आठ अँपिअरचा लोड लायटरच्या सॉकेटला लावला. बिनलोडचे १२.५ व्होल्ट ११.१ वर आले. तोच लोड बॅटरीवरून आणलेल्या ६ स्क्वेअरवर लावला तर १२.३. मीटर बघून उस्तादांनी स्वतःच ड्रिल उचललं. मापासमोर हट्ट न धरणारा कारागीर मिळाला हे या कामातलं माझं मोठं भाग्य.

काळी वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थेट निघते. बॅटरीपासून वीतभर अंतरावर ३० अँपिअरचा आपोआप परत चालू होणारा सर्किट ब्रेकर आहे. फ्यूज मुद्दाम टाळला. फ्यूज उडाला की ब्रेक गेला तो गेलाच, घाटात उतरून कोण बदलणार? हा ब्रेकर थंड झाला की परत जोडतो. पांढरी वायर बॉडीच्या बोल्टला न लावता बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत नेली. केबिनच्या पत्र्याला भोक पाडलं तिथे रबरी ग्रोमेट, त्यावरून फ्लेक्झिबल पाईप. टोकांना थिंबल दाबायच्या पान्याने दाबली, पकडीने चेपली नाहीत. दुपारी सुरू केलेलं एवढंच काम अंधार पडेपर्यंत चाललं.

२० जानेवारी

लाल वायर. पॅडलच्या वर ब्रेक स्विच आहे, दोन वायरी. टेस्ट लॅम्पने बघितलं: एका वायरीवर कायम करंट, दुसरीवर फक्त पॅडल दाबल्यावर. लाल वायर या दुसरीला. माझी बोलेरो जुनी, साध्या बल्बची आहे म्हणून हे सोपं गेलं. ज्या नव्या गाड्यांमध्ये ब्रेक लाइट कॉम्प्युटरमधून चालतो तिथे असं टॅपिंग करण्याआधी त्या गाडीचा वायरिंगचा नकाशा मिळवा.

इथे एक दोष निघाला. पॅडल बरंच खाली गेल्यावर ब्रेक लाइट लागत होता, आणि रोज चालवताना हे कधी जाणवलं नव्हतं. कंट्रोलर मात्र लाल वायरीवर करंट आल्याशिवाय कामाला लागत नाही. म्हणजे बोलेरो थांबू लागली तरी मागचे ११६० किलो क्षणभर मोकळे, आणि तेवढ्यात ते गाडीला ढकलणार. स्विचचा नट सैल करून स्विच पॅडलच्या जवळ आणला. आता पाय नुसता टेकला की लाइट लागतो.

२७ जानेवारी

या दिवसाची नोंद नीट वाचा. ट्रेलरचे दिवे गाडीला जोडणारा ७ पिनी सॉकेट लावणाऱ्या प्रत्येकाला याची गरज पडेल.

कॅरव्हॅन पहिल्यांदा जोडली. ट्रेलर जोडला की कंट्रोलरच्या डिस्प्लेवर 'सी' अक्षर यायला हवं. आलं नाही. निळ्या वायरीचा प्रत्येक जोड तपासला, सगळे चांगले. सूर्य मावळला, दिसेना म्हणून भाच्याने बोलेरोचे पार्किंग लाइट लावले. कॅरव्हॅनच्या दोन्ही चाकांतून एकदम 'टक्' असा आवाज आला. लाइट बंद केले, परत लावले. परत टक्.

"मामा, ब्रेक लागला!"

"पॅडलवर पाय आहे का तुझा?"

"नाही हो, मी बाहेर उभा आहे."

गाडी जरा पुढे घेऊन बघितली, तर कॅरव्हॅनची चाकं फिरेनात, अंगणातल्या मातीत दोन सरळ चर काढत फरफटत आली. लाइट लावले की ब्रेक पूर्ण लागत होता, आणि पॅडल दाबल्यावर काहीच होत नव्हतं.

कारण सॉकेटमध्ये होतं. बोलेरोला सॉकेट एका दुकानातून बसवून घेतला होता, जिथे ट्रॉल्यांचे सॉकेट बसवतात. त्यांनी तो युरोपातून आलेल्या आणि आपल्याकडेही चालणाऱ्या पद्धतीने बरोबर जोडला होता: १ डावा इंडिकेटर, २ मागचा फॉग लाइट किंवा मोकळी पिन, ३ अर्थ, ४ उजवा इंडिकेटर, ५ उजवा टेल लॅम्प, ६ ब्रेक लाइट, ७ डावा टेल लॅम्प. निळी वायर या पद्धतीत २ नंबरला जाते, म्हणून कंट्रोलरची निळी तिथे लागली. कॅरव्हॅनचा प्लग मात्र अ‍ॅक्सलच्या सेटबरोबर ऑस्ट्रेलियन पद्धतीने जोडून आला होता. तिथे १, ३, ४ आणि ६ जसेच्या तसे, पण २ नंबर रिव्हर्स लाइट, ७ नंबर टेल लॅम्प आणि ५ नंबर, निळ्या वायरीवर, इलेक्ट्रिक ब्रेक. म्हणजे उजव्या टेल लॅम्पचा करंट सरळ मॅग्नेटमध्ये. इंडिकेटर आणि ब्रेक लाइट दोन्ही पद्धतींत जुळतात, त्यामुळे दिवसा तपासून कोणीही म्हणेल की सगळं ठीक आहे. टेल लॅम्पचा फ्यूज १५ अँपिअरचा, मॅग्नेट साडेसात ओढतात, म्हणून फ्यूजही उडाला नाही.

अंगणात कळलं हे फार बरं झालं. संध्याकाळी हायवेवर ऐंशीच्या वेगात कोणी लाइट लावले असते तर काय झालं असतं, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही. दोन्ही बाजूंच्या पद्धती एक आहेत का, हे प्रत्येक पिन मीटरने मोजूनच ठरवा. रंग बघून ठरवू नका.

३ फेब्रुवारी

उपाय असा केला. ७ पिनी सॉकेट फक्त लाइटसाठी ठेवला, कॅरव्हॅनचा प्लग उघडून आपल्याकडच्या पद्धतीने जोडला. ब्रेकला वेगळा ५० अँपिअरचा दोन टोकांचा अँडरसन कनेक्टर दिला, ई-रिक्षाच्या आणि फोर्कलिफ्टच्या बॅटरीला असतो तसा. एका टोकाला निळी, दुसऱ्याला ब्रेकची स्वतःची ६ स्क्वेअरची अर्थ. दोन्ही बाजूंची जोडी सातशे रुपयांना मिळाली. याला कुलूप नसतं, खेचला की सुटतो, म्हणून वर नायलॉनचा पट्टा आवळतो. पुढे कोणी यावरून बॅटरी चार्जिंगची लाइन घेऊ नये म्हणून दोन्हीवर निळा टेप गुंडाळून 'ब्रेक' लिहिलं.

वेगळी अर्थ का? लाइट आणि ब्रेक दोन्ही ३ नंबरच्या एका बारीक वायरीवरून परत येत असतील तर ब्रेक लागताच लाइट मंद होतात आणि मॅग्नेटचेही व्होल्ट पडतात. टो-बॉलमधून, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या लोखंडी गोळ्यातून, अर्थ मिळेल या भरवशावर तर अजिबात राहू नका. तिथे ग्रीस असतं आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बसतो.

आता 'सी' आलं.

४ फेब्रुवारी

कॅरव्हॅनची चाकं जॅकवर घेऊन मॅग्नेटपाशी व्होल्टेज मोजलं. एक सांगतो: उभ्या गाडीत पॅडल दाबून मोजू नका. वेग कमी होण्याचा अंदाज घेऊन करंट देणारे हे कंट्रोलर उभ्या गाडीत थोडाच करंट सोडतात, आणि तोही तुटक-तुटक, त्यामुळे मीटर भलतंच दाखवतो. कंट्रोलरची पॉवर पूर्ण वाढवायची, त्यावरचा हाताचा लिव्हर पूर्ण दाबायचा, इंजिन चालू ठेवायचं आणि मग मोजायचं.

बॅटरीवर १३.७. डाव्या मॅग्नेटवर १२.६. उजव्यावर १०.४.

दोन व्होल्टचा फरक. असाच निघालो असतो तर प्रत्येक ब्रेकला कॅरव्हॅन डावीकडे ओढली असती. डाव्या चाकाकडून उजव्याकडे जाणारी वायर अ‍ॅक्सलच्या नळीतून नेली होती. ती ओढून बाहेर काढली. नळीच्या तोंडाशी, जिथे धार तासलेली नव्हती, तिथे कव्हर सोललेलं. आत पीव्हीसी टेपमध्ये पिळून मारलेला एक जोड निघाला. टेप उलगडला तर आत हिरवी भुकटी आणि अख्ख्या वायरीतले तीन-चार तंतूच काय ते धरून होते. वाळूजहून बीडपर्यंतच्या हादऱ्यांनी एवढं झालं, वर्षभरात काय झालं असतं?

नळीतला मार्ग कायमचा बंद केला. नवी २.५ स्क्वेअरची वायर, मध्ये एकही जोड नाही, अ‍ॅक्सलच्या मागच्या अंगाने फ्लेक्झिबल पाईपमधून, दर वीतभर क्लिप. जिथे मॅग्नेटच्या वायरी मिळतात तिथे दाबलेलं थिंबल, आतून गोंद सुटणारी हीट श्रिंक. परत मोजलं: दोन्हीकडे १२.७.

बॅटरी टर्मिनलवर किंवा सॉकेटमध्ये १३ व्होल्ट दिसले म्हणून काम झालं असं समजू नका. माप चाकापाशी, करंट वाहत असताना, आणि दोन्ही चाकांचं वेगवेगळं.

१० फेब्रुवारी

कॅरव्हॅन सुटली तर आपोआप ब्रेक लागायची सोय. कॅरव्हॅनच्या पुढच्या दांड्यावर पिन असलेला ब्रेकअवे स्विच आणि १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची यूपीएसमध्ये असते ती बॅटरी. पिनेची तार बोलेरोच्या चासीला. कॅरव्हॅन दूर गेली की पिन निघते, बॅटरी सरळ मॅग्नेटला जोडली जाते. ऑस्ट्रेलियातल्या नियमात हा ब्रेक निदान १५ मिनिटं धरून राहायला हवा. आपल्या वजनाला तिथेही तो बंधनकारक नाही, पण घाटाच्या भागात राहतो, म्हणून बसवला.

पहिली बॅटरी बिनलोडची १२.६ दाखवत होती. पिन ओढताच ९ च्या खाली. दुकानात पडून राहिलेला माल होता. बदलून घेतली, तारीख बघून. दुसरीने पंधरा मिनिटांनंतरही ११.७ व्होल्ट दिले. चाचणी करताना अँडरसन कनेक्टर काढूनच ठेवा, नाहीतर बॅटरीचा करंट उलटा कंट्रोलरमध्ये शिरतो. चार्जिंग कॅरव्हॅनच्या मोठ्या बॅटरीवरून एका डायोडमधून दिलं आहे, म्हणजे पंखा-दिव्यांनी मोठी बॅटरी उतरली तरी ही भरलेली राहते.

तार टो-बॉलला किंवा साखळीला अडकवू नका. हुकच तुटून गेला तर तारही त्याच्याबरोबर कॅरव्हॅनसोबत जाईल आणि पिन निघणारच नाही.

१७ फेब्रुवारी

ड्रमच्या मागच्या खिडकीतून दातेरी चक्री फिरवून शू आवळले, चाक जड होईपर्यंत. मग साधारण दहा दात मागे, चाक फिरताना शू जेमतेम घासेल इतपत. दोन्ही चाकांना सारखं.

सकाळी लवकर, रिकाम्या सर्व्हिस रोडवर शूंचे नवे लायनर ड्रमवर घासून बसते करण्याचं काम. साठ-पासष्टपर्यंत वेग, ब्रेक लावून तीसपर्यंत, परत वेग, मध्ये ड्रम थंड होऊ द्यायचे. पुस्तिकेत असे वीस ते तीस वेळा सांगितलं आहे, तसंच केलं. सुरुवातीला ब्रेक अगदी पोकळ लागतो, घाबरून पॉवर वाढवू नका. शेवटाकडे तोच आकडा चांगला धरायला लागला.

मग पॉवर ठरवली. सपाट कोरडा रस्ता, वेग ४०, हाताचा लिव्हर पूर्ण. चाकं अडकायच्या बेतात येईपर्यंत वाढवायची, मग जरा कमी. डिस्प्लेवर ६.४ ला चाक घसरलं, ५.८ वर ठेवली. टाकी रिकामी असेल तेव्हा हे परत करावं लागतं.

कंट्रोलर डॅशबोर्डला डबल टेपने चिकटवला होता. दुपारच्या उन्हात टेप सैल झाला आणि गतिरोधकावर कंट्रोलर हलला. तो वेगातला फरक आतल्या सेन्सरने ओळखतो, स्वतःच हलला तर चुकीचा ब्रेक देणार. गाडीच्या दिशेला समांतर, सरळ, लोखंडी पट्टीवर स्क्रूने बसवला.

२५ फेब्रुवारी

मांजरसुंबा घाट. बीडहून चढून गेलो, वर थांबलो, मग पालीच्या बाजूने उतरलो. दुसरा गिअर, ब्रेक थोडा थोडा, धरून ठेवायचा नाही. मागचा धक्का अजिबात जाणवला नाही. पॅडल दाबलं की कॅरव्हॅन मागे रोखून धरते, बोलेरोचं नाक खाली जात नाही. खाली बिंदुसरा धरणाजवळ थांबून ड्रमजवळ तळहात धरला: दोन्हीकडे ऊब सारखी, वास नाही. उस्ताद मुद्दाम सोबत आले होते. त्यांनी दोन्ही चाकांजवळ बसून हात लावून बघितलं, अँडरसन कनेक्टर चाचपला, गरम नव्हता.

४ मार्च

महाशिवरात्रीची गर्दी सुरू होण्याआधी आईला परळीला नेऊन आणलं. पायऱ्यांचा त्रास झाला, मुक्कामाचा झाला नाही.

खर्च: कंट्रोलर आणि सर्किट ब्रेकर मिळून साधारण १६,००० रुपये, वायर २,३००, अँडरसन ७००, ब्रेकअवे स्विच १,८००, त्याची बॅटरी १,१५०, थिंबल, पाईप, श्रिंक, क्लिपा मिळून ९००. उस्तादांची मजुरी ३,०००, ती त्यांनी मागितली त्यापेक्षा जास्त दिली. सर्वांत जास्त वेळ सॉकेटच्या पद्धतीत आणि अ‍ॅक्सलच्या नळीत गेला, नवं वायरिंग ओढण्यात त्यामानाने कमी.

परत आल्यावर चाकं काढली. नवे शू पहिल्या ३०० किलोमीटरच्या आसपास परत आवळावे लागतात. उजवीकडे तीन दात लागले, डावीकडे दोन. मॅग्नेटच्या तोंडावर झीज दाखवणारे बारीक ठिपके आहेत, ते पुसले गेले की मॅग्नेट बदलायचा. अजून चारही स्पष्ट आहेत. चाकाचे नट परत आवळले. माहूरच्या आधी उजव्या क्लिपांपैकी एक बदलायची आहे, रबर चिरलं आहे.